दोन टिचक्या म्हणजे चला

माझ्या पायाच्या अंगठ्याचं कोणीतरी चित्र काढलंय, ही बातमी मला सिस्टरने दिली, तीही हसू दाबत. मी खुर्चीत आडवा पडलो होतो. डाव्या हातात दोन सुया, त्यांना दोन नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला माझं रक्त धुऊन परत देणारं मशीन. डायलिसिस सुरू होऊन मला फार दिवस झाले नव्हते, पण तेवढ्यात मी त्या वॉर्डातल्या प्रत्येकाशी एकेकदा भांडून घेतलं होतं. पंखा जोरात का म्हणून भांडलो आणि हळू का म्हणूनही भांडलो. टीव्हीवरून तर येता-जाता.

"कोणी काढलंय?" मी विचारलं.

"शेजारच्या बाईंनी."

"मला न विचारता?"

"अंगठ्याला विचारलं असेल," असं म्हणून सिस्टर पुढच्या खुर्चीकडे गेली.

मी जन्मभर शहरातली बस चालवली. म्हणजे काम बसूनच केलं, पण मी बसलो की रस्ता आपोआप मागे पडायचा. इथे बसलो की काहीच मागे पडत नाही. चार तास तेच छत, तीच भिंत, तोच घड्याळाचा काटा. वर तहान. किडन्या कामातून गेल्या की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून प्यायचं तेही मोजून. सकाळी आमची ही एक छोटी बाटली भरून हातात देते आणि बजावते, "रात्रीपर्यंत पुरवायची." नाकावर माशी बसू द्यायची नाही हा माझा पहिल्यापासूनचा बाणा, आणि इथे माशी हाकलायला हातही एकच मोकळा.

शेजारच्या बाई माझ्या उजव्या अंगाला असायच्या. त्यांच्याही सुया डाव्या हातात, त्यामुळे त्यांचं मशीन त्यांच्या डाव्या बाजूला, म्हणजे बरोबर आमच्या दोघांच्या मधे, कपाटासारखं उभं. मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. फक्त अधूनमधून खोकला ऐकू यायचा आणि कसल्याशा डबीचं झाकण उघडल्याचा आवाज. त्यांनाही माझं काही दिसत नसणार. फक्त मशीनच्या पलीकडे आखूड चादरीतून बाहेर आलेले माझे पाय.

"ते चित्र इकडे द्या," मी मशीनला ऐकवलं.

सिस्टर ते घेऊन आली. मला वाटलं होतं, कागद असेल. ते होतं काडेपेटीएवढं पुठ्ठ्याचं कार्ड, गोळ्यांच्या खोक्यातून कापलेलं. मागे औषधाचं अर्धं नाव छापलेलं आणि पुढच्या कोऱ्या बाजूवर माझा अंगठा. माझाच. गाडीखाली जॅक निसटून पडला होता तेव्हापासून त्या नखाच्या कडेला काळा डाग आहे, आणि नख मधोमध दुभंगलंय. डागही होता आणि दुभंगही होता. अंगठ्याच्या खाली चादरीची निळी सावली पडली होती. ती सावली तिथे रोज पडत असेल, पण मी ती कधी बघितली नव्हती.

भांडायची सगळी तयारी केली होती. शेवटी म्हणालो, "नख एवढं वाईट नाहीये माझं."

मशीनच्या मागून आवाज आला, "मी थोडं बरंच काढलंय, भाऊ."

वॉर्डात हसू पसरलं. मी आलो त्या दिवसापासून तिथे कोणी हसल्याचं मला आठवत नव्हतं, पण त्याचं कारण बहुधा मीच होतो.

नंतर हळूहळू कळत गेलं. बाई एका शिंप्याच्या दुकानात हाताने काजं करायच्या. कोटाची काजं, सदऱ्याची काजं. डोळे अजून शाबूत होते, किडन्यांनी दगा दिला. त्यांची ती डबी पेपरमिंटची होती, तळहातात मावणारी. तिच्यात लाल, निळा, पिवळा आणि एक मातकट, असे चिमूट चिमूट रंग ट्यूबमधून पिळून वाळवलेले. ब्रशची दांडी मोडून डबीत बसेल एवढी केलेली. पाणी बाटलीच्या झाकणात आणि पुसायला वॉर्डातला कापूस. झाकण उघडलं की दुकान मांडलं, लावलं की आवरलं. एका हाताने सगळं जमायला हवं म्हणून त्यांनी एकेक गोष्ट कमी करत आणली होती.

"घरी मोठा कागद घेऊन आरामात काढत जा की," मी एकदा म्हणालो.

"घरी?" त्या हसल्या. "घरी मी टेकले की कोणाला तरी काहीतरी हवं असतं. सूनबाई चांगली आहे हो, पण तिलाही दोनच हात. नातवंडं आहेत, बंब आहे, दाराची बेल आहे. इथे मला कोणी उठवू शकत नाही. दोन सुया टोचलेल्या बाईला कोण उठवणार? हा डावा हात मशीनला दिला, भाऊ. उजवा माझा."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ज्या चार तासांना मी शिव्या घालत होतो, तेच चार तास त्या बाई घरून निघताना बरोबर घेऊन यायच्या.

पुढच्या खेपेला सिस्टरच्या हाती त्यांनी मला एक कोरं कार्ड आणि ब्रशचा एक तुकडा पाठवला. मशीनमागून म्हणाल्या, "रंग मी देते, डबी तुमची तुम्ही आणा." घरी बुटाच्या पॉलिशची एक रिकामी चपटी डबी होती. ती मी घासघासून धुतली, तरी काळेपणा काही पुरता गेला नाही. त्यामुळे माझ्या पिवळ्यावरही पहिल्या दिवसापासून काजळी. ही म्हणाली, "रंग तरी तुमच्या स्वभावाला शोभेल."

पहिलं चित्र मी अर्थातच बसचं काढलं. मन लावून काढलं. सिस्टरने बघितलं आणि म्हणाली, "फ्रीज छान आलाय."

मी कार्ड उशाखाली कोंबलं. मशीनच्या मागून बाईंनी विचारलं, "समोर बस दिसतेय का तुम्हाला?"

"इथे कुठली बस?"

"मग जे दिसतंय ते काढा ना."

"दिसतंय ते मशीन. ते काय काढायचं डोंबल?"

"सबंध मशीन कोणाला झेपतंय? एक बटण काढा."

मी बटण काढलं. हिरवं, गोल, कडेला बोटांनी झिजलेलं. आता सांगायला जरा लाज वाटते, पण त्या एका बटणात माझा अर्धा वेळ कसा गेला कळलंच नाही. हिरवा रंग डबीत नव्हता, निळा-पिवळा मिसळून करावा लागला. मिसळताना तो आधी शेवाळासारखा झाला, मग कच्च्या कैरीसारखा झाला, आणि एका क्षणी बरोबर बटणासारखा झाला. मी जागच्या जागी ओरडलो, "आला, आला!" समोरच्या खुर्चीतले आजोबा दचकून जागे झाले. खरं सांगतो, मला आनंद झाला. कसलीतरी नोकरी लागल्यासारखा, लहान मुलासारखा. रक्त धुणारं यंत्र शेजारी घरघरत होतं आणि मी एका बटणाच्या रंगावर खूश होतो.

मग मला वेडच लागलं. चिकटपट्टीचं रिंगण काढलं. नळीवरची चिमटी काढली. खिडकीच्या गजाला कोणीतरी बांधून विसरलेला सुतळीचा तुकडा काढला. घरून निघताना ही विचारायची, "डबी घेतली का?" पूर्वी विचारायची, "गोळ्या घेतल्या का?"

याच दिवसांत मी तो पराक्रम केला, जो त्या वॉर्डात अजून सांगितला जातो. उन्हाळ्याची दुपार होती. सकाळपासून माझं पाणी संपलं होतं, जीभ टाळूला चिकटलेली. मी आकाशाचा तुकडा रंगवत होतो, त्यामुळे झाकणातलं पाणी गडद निळं. ब्रश बुडवला, काढला, बुडवला, काढला, आणि समोर पाणी दिसतंय एवढंच माझ्या मेंदूला कळलं. उचललं झाकण आणि लावलं तोंडाला. गटकन गेलं. गारेगार वाटलं. मी डोळे मिटून पडलो.

तेवढ्यात सिस्टर ब्लडप्रेशर बघायला आली. बघते तर पेशंटचे डोळे मिटलेले आणि ओठ निळे. तिची पाचावर धारण बसली. "डॉक्टर! ओठ निळे पडलेत!" एकीने माझ्या बोटाला चिमटा लावला, दुसरीने नाकावर ऑक्सिजन दाबला, डॉक्टर पळत आले. मी काही बोलायला तोंड उघडलं तर जीभही निळी. डॉक्टरांचाच चेहरा पांढरा पडला. मशीनच्या मागे बाईंना ठसक्यावर ठसके लागत होते. त्या हसतायत हे कोणाला कळेना, म्हणून दोघीजणी तिकडेही धावल्या.

शेवटी बाईंनीच कसंबसं सांगितलं, "अहो, आकाश प्यायलेत ते."

सिस्टर आधी रडकुंडीला आली आणि मग तिने मला असं झापलं की माझ्या बायकोलाही तिच्याकडून शिकण्यासारखं होतं. झाकणातलं पाणी त्या दिवसापासून बंद. डबी जप्त होता होता वाचली, कारण बाईंनी मध्यस्थी केली. ठरलं असं की पाण्याऐवजी ओला कापसाचा बोळा, तोही सिस्टर स्वतः भिजवून देणार. ब्रश बोळ्यावर टेकवायचा आणि रंगाला लावायचा. गंमत म्हणजे त्याने चित्रं सुधारली. पाणी कमी म्हटल्यावर रंग पळत नाही, ठेवला तिथे राहतो. बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं झाकण सांभाळत बसले उगाच."

आता जे सांगायचंय ते सांगतो. ज्यांना ही सुयांची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. हातातली एक शीर आणि एक धमनी जोडून डॉक्टर तिथे एक दणकट रस्ता तयार करतात. सुया तिथेच टोचतात. त्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागते, उभ्या बसचं इंजिन चालू असावं तशी. ती घरघर आहे तोवर सगळं ठीक. मी तिला इंजिनच म्हणायचो आणि माझं ऐकून बाईही म्हणायला लागल्या होत्या.

एके दिवशी त्या आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच सिस्टरला म्हणाल्या, "आज इंजिन लागत नाहीये."

गुठळी झाली होती. डॉक्टरांनी खटपट केली, पण डाव्या हातातला तो रस्ता बंद झाला तो झालाच. तात्पुरती मानेत नळी घातली. आणि नवीन रस्ता उजव्या हातात करायचं ठरलं. बाईंनी विचारलं, "डावीकडेच कुठे जागा नाही का?" डॉक्टर भला माणूस. खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला, त्यांचा डावा हात हातात घेऊन एकेक शीर दाखवली. एकही कामाची उरली नव्हती. बाई म्हणाल्या, "बरं." मी मशीनच्या अलीकडून ते 'बरं' ऐकलं आणि माझ्या हातातलं बटणाचं चित्र बिघडलं.

उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. नवा रस्ता तयार व्हायला काही आठवडे जातात आणि तो लवकर तयार व्हावा म्हणून हातात स्पंजचा चेंडू घेऊन दाबत राहायचं असतं. तोवर मानेतली नळी होती, म्हणजे हात दोन्ही मोकळे. त्या दिवसांत बाईंनी कधी नव्हे एवढी चित्रं काढली. थोडा वेळ चेंडू दाबायच्या आणि थोडा वेळ ब्रश धरायच्या. चेंडू दाबला की शीर फुगणार, आणि शीर फुगली की सुया त्या हातात येणार, हे त्यांना माहीत होतं. तरी सिस्टर सांगेल तेवढं प्रामाणिकपणे दाबायच्या. मी एकदा रागाने म्हणालो, "जरा कमी दाबलं तर काय बिघडतंय?"

"मानेतली नळी किती दिवस ठेवणार, भाऊ? जगायचं तर आहे ना," त्या म्हणाल्या.

मग तो दिवस आला. मी पोचलो तेव्हा माझ्या उजवीकडे काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बघतो तर मशीन नव्हतं. बाईंच्या सुया आता उजव्या हातात, म्हणून मशीन त्यांच्या पलीकडच्या बाजूला गेलं होतं. आमच्या दोन खुर्च्यांमधे आता मोकळी जागा, त्यात वीतभर स्टूल ठेवलेलं. आणि बाई पहिल्यांदाच अख्ख्या दिसत होत्या. आवाजावरून मला त्या चांगल्या उंचपुऱ्या वाटायच्या. होत्या एवढ्याशा. पाय खुर्चीच्या टोकापर्यंत पोचतही नव्हते.

उजवा हात उशीवर सरळ ठेवलेला, पट्ट्या लावलेला. हलवला की मशीन ठणाणा करतं. डाव्या हाताने त्यांनी डबी उघडली, ब्रश काढला. पण डाव्या हाताची बोटं इतक्या वर्षांच्या सुयांनी बधिर झालेली. ब्रश धरलाय की सुटलाय हेच कळेना. दोनदा चादरीवर पडला. तिसऱ्यांदा कार्डावर टेकला आणि सरळ रेघ काढायची ती फाटल्यासारखी गेली. बाईंनी ते कार्ड उलटं ठेवलं, डबी बंद केली आणि माझ्या बाजूला सरकवली.

"घ्या. तुमची ती काजळीची डबी टाकून द्या आता."

"मी नाही घेणार."

"घ्या हो. आता दोन्ही हात मशीनचे झाले."

मला इतका राग आला की काय सांगू. कोणावर, ते कळेना. डॉक्टरवर नाही, सिस्टरवर नाही. मशीनवर रागावण्यात अर्थ नव्हता, त्याच्यामुळे तर आम्ही दोघं तिथे होतो. त्या दिवशी मी चित्र काढलं नाही. डबी मधल्या स्टुलावर तशीच पडून राहिली. घरी आलो तर ही विचारते, "आज काय काढलंत?" मी म्हणालो, "काही नाही," आणि जेवायलाही बसलो नाही.

दोन-तीन खेपा अशाच गेल्या. बाई छताकडे बघत पडायच्या. मी पूर्वी बघायचो तसं. ते मला बघवेना. शेवटी न राहवून मी माझी पॉलिशची डबी काढली आणि माझ्या नळीवरची चिमटी पुन्हा रंगवायला घेतली. निदान काहीतरी बोलतील, चुका तरी काढतील, एवढाच डाव.

आधी छतच बघत होत्या. मग मान वळली. मी चिमटीची कड रंगवत पुढे पुढे निघालो होतो.

"भाऊ, बास," त्या हळूच म्हणाल्या.

मी गेलो पुढे.

"बास, बास! थांबा! गेलं बाहेर."

"बाई," मी वैतागून म्हणालो, "गाडी मागे घेताना कंडक्टर तोंडाने 'बास' म्हणतो ना, तोवर अर्धी भिंत पडलेली असते. ड्रायव्हरला बेल लागते, बेल. एक बेल म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. त्यात बोलायचं काम नाही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डावा हात स्टुलावर नेला आणि नखाने पेपरमिंटच्या डबीवर टिचकी मारली. टण.

"अशी?"

बोटं बधिर असली म्हणून काय झालं, टिचकी मारायला बोटाला काही कळायची गरज नसते. मी नवीन कार्ड घेतलं. त्यांनी दोन टिचक्या मारल्या, टण टण. मी निघालो. कड धरून खाली आलो, वळणापाशी टण, मी जागच्या जागी थांबलो. नळीवरची ती चिमटी मी आधीही काढली होती, पण अशी कधीच आली नव्हती. वळणावर नेमकी वळली होती. जन्मभर दुसऱ्याच्या बेलवर गाडी हाकलेला माणूस मी, माझा हात आपसूक ऐकत होता. डोक्याला विचारतही नव्हता.

सिस्टर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"ड्यूटीवर आहोत," मी म्हणालो. "ड्रायव्हरशी बोलू नये."

त्यानंतर आमची जोडी जमली. म्हणजे भांडणंही जमली. बाई म्हणायच्या पातळ लावा, मी म्हणायचो दिसणार नाही. मी म्हणायचो स्टिअरिंग माझ्या हातात आहे, त्या म्हणायच्या पण गाडी कुठे न्यायची ते मी सांगणार. मातकट रंगात निळा किती घालायचा यावरून एकदा आमचा असा वाद पेटला की दोघांचंही ब्लडप्रेशर वर गेलं आणि डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" चित्रं माझ्या एकट्याच्या चित्रांपेक्षा चांगली येत होती आणि त्यांच्या चित्रांएवढी मात्र नाही. हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी एकदा बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला घरी असले की ओढ लागायची इथे यायची. परत लागायला लागली. तेवढं पुरे आहे."

पण मला ते पुरेसं वाटत नव्हतं. काय काढायचं ते आजवर नेहमी मीच निवडत होतो, कारण कार्ड माझ्या मांडीवर. चिमटी, पट्टी, सुतळी, सगळं माझ्या बाजूचं. म्हणून एक दिवस मी ब्रश कापसावर टेकवला आणि म्हणालो, "आज तुमच्या मनातलं काढायचं. बोला, कुठे जायचं?"

त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. खिडकी बघितली, सिस्टरची ट्रॉली बघितली. मग त्यांची नजर स्वतःच्या उजव्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. उशीवर पालथा पडलेला हात. पट्ट्यांच्या खालून निघालेल्या दोन लाल नळ्या. काजं करून करून चपटं झालेलं तर्जनीचं टोक. मधल्या बोटाला सुईचा जुना घट्टा.

"हा," त्या म्हणाल्या. "हा मी कधी काढलाच नाही बघा. एवढी वर्षं नुसतं बाकीच्यांचं काढत होता. स्वतः कधी गप्प बसला नाही, तर काढणार कसा?"

मी मान लांब करून तो हात नीट बघितला. बटण चुकलं तर चुकलं, हे चुकवून चालणार नव्हतं. "बाई, हे मला झेपायचं नाही," मी म्हणालो.

"सबंध हात कोणाला झेपतोय? मनगटापासून निघा."

टण टण.

मी निघालो. मनगट, मग हाताची पाठ, शिरांचा उंचवटा. टण. थांबलो. टण टण. तर्जनीवर आलो. तिचं चपटं टोक पहिल्यांदा मी नेहमीच्या बोटासारखं गोल काढायला गेलो तेव्हा इतक्या जोरात टण वाजलं की समोरचे आजोबा उठून बसले. मी ते चपटं केलं. घट्टा आला. नळ्यांना लाल लावायच्या आधी मी त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं नळ्या सोडून देऊ का? त्यांनी दोन टिचक्या मारल्या, म्हणजे त्याही घ्यायच्या. शेवटी उशीवरची सावली. निळ्यात माझ्या डबीची थोडी काजळी मिसळली होती, ती इथे बरोबर लागू पडली. बाई श्वास रोखून बघत होत्या. मीही रोखला होता बहुतेक. वॉर्डात मशीनं घरघरत होती आणि मला वाटत होतं, हे कार्ड संपूच नये.

झाल्यावर मी ते त्यांच्या डाव्या हातात दिलं. बोटांना पकड कळत नव्हती, म्हणून मी खालून तळहात धरला. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. मला धास्ती वाटायला लागली.

"भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या, "अंगठा तुमच्या पायाचा लावलात."

मी बघितलं. खरंच की. जाडजूड, नख रुंद, एका बाजूला काळपट. हात सबंध त्यांचा आणि अंगठा माझ्या पायाचा.

"मग फिटंफाट झाली," मी म्हणालो.

बाई हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते पुसायला हात नव्हता. एक सुयांत अडकलेला, दुसऱ्यात कार्ड. मी माझ्या बोळ्याच्या कोरड्या कडेने त्यांचे डोळे टिपले. जरा निळा रंग लागला त्यांच्या गालाला, पण मी ते सांगितलं नाही.

"पण हात माझाच आहे," कार्डाकडे बघत त्या म्हणाल्या. "ओळखू येतोय. उजवा माझाच आहे अजून."

मी ब्रश पुसला, डबीचं झाकण हातात घेतलं आणि विचारलं, "मग? आवरू आता?"

त्यांनी कार्ड छातीवर ठेवलं आणि डावा हात स्टुलावर आणून डबीवर दोन टिचक्या मारल्या.